गाडी भरली, जागा अडली

शारजाहून खोर फक्कानला जायचं तर पूर्वी डोंगराला लांबचा वळसा पडायचा. एप्रिल २०१९ मध्ये शारजाचे शासक शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांच्या हस्ते नवा रस्ता खुला झाला आणि हा वळसा संपला. रस्ता ८९ किलोमीटरचा. हजर पर्वतरांग पोखरून काढलेले पाच बोगदे, त्यांतला सर्वांत लांब पावणेतीन किलोमीटरच्या घरातला. बाहेर आलं की उघडेबोडके, तपकिरी, गवताची काडी नसलेले डोंगर, आणि मग एकदम निळं पाणी. शारजा शहर अरबी आखातावर आहे, खोर फक्कान ओमानच्या आखातावर. राज्य एकच, पण मधे मुलूख दुसऱ्यांचा. आता हे अंतर पाऊण तासाचं झालंय, आणि त्या पाऊण तासाने या गावाचं रूपच पालटलं. सकाळी पोहे खाऊन निघावं, दिवसभर समुद्रावर काढावा, रात्री जेवायला घरी परतावं, असा बेत शारजा-दुबईतली मराठी कुटुंबं आता सहज करतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘थांबे’ असा संपादकांनी कळवला, तेव्हा याच रस्त्याची आठवण झाली. रस्ता झाला, बोगदे झाले, बागा झाल्या. आता गाड्या बदलताहेत. विजेवरची गाडी कुठे थांबते, किती वेळ थांबते आणि तिला तिथून हलवायचं कुणी, हे बघायला मी शारजातल्या एका सांगलीकर कुटुंबाबरोबर निघाले. दादा एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात आहेत, वहिनी शाळेत शिकवतात, आणि गाडी दीड वर्षापूर्वी घेतलेली, विजेवरची.

शुक्रवार

खोर फक्कानच्या गर्दीचं गणित कळायला इथली सुट्टी समजून घ्यावी लागते. जानेवारी २०२२ पासून अमिरातींनी शनिवार-रविवारची सुट्टी धरली, शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. शारजाने एक पाऊल पुढे टाकलं आणि सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी दिली. म्हणजे शुक्रवारी सकाळी शारजाची कुटुंबं निघतात, दुपारी काम आटोपून दुबईची. दोन्ही लोंढे त्याच किनाऱ्यावर येऊन भिडतात. चटया, शेगड्या, बिर्याणीची पातेली, पोरांच्या पोहण्याच्या ट्यूबा. सोमवारी रिकामं असणारं पार्किंग शुक्रवारी दुपारी तुडुंब भरलेलं.

चार्जिंगच्या जागांचं नियोजन सरासरीवर होतं. अमुक इतकी वाहनं, तमुक इतके चार्जर. पण सहलीच्या गावाला सरासरी नसते. तिथे आठवड्याचे चार दिवस यंत्र रिकामं उभं असतं, आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांत त्याच यंत्रावरून माणसं हमरीतुमरीवर येतात.

दादांना मी वाटेत विचारलं, “जाऊन-येऊन पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. तुमची गाडी त्याच्या दुप्पट जाते. मग चार्जिंगची चिंता कशाला?”

“तिथे जायला चार्जिंग लागत नाही हो,” ते म्हणाले. “मला आठवडाभराचं लागतं.”

घरी प्लग नाही

दादांच्या या एका वाक्यात सगळी गोष्ट आहे. विजेवरच्या गाडीच्या जाहिरातीत एक बंगला असतो, बंगल्याच्या भिंतीवर चार्जर असतो आणि गाडी रात्रभर निवांत भरत असते. शारजातल्या नोकरदार भारतीयाचं घर तसं नसतं. रोल्ला, अल नाहदा, अल मजाझ, अल कासिमिया या भागांत बहुमजली इमारती, भाड्याचे फ्लॅट. पार्किंग मिळालंच तर पोडियमवरच्या मजल्यावर आणि वेगळ्या भाड्याने. न मिळाल्यास समोरच्या मोकळ्या वाळूच्या प्लॉटवर, नाहीतर रस्त्याकडेला पैसे भरून. तिथे वायर ओढणार कुठून? घरमालक कुणीतरी अरब गृहस्थ, त्यांचा कारभार रिअल इस्टेट ऑफिसकडे, ऑफिसचा निरोप नातूराकडे, म्हणजे इमारतीच्या वॉचमनकडे. दादांनी पोडियमवर एक सॉकेट मागितलं होतं. नातूर भला माणूस, त्याने निरोप वर पोचवला. उत्तर आलं की मीटर कुणाच्या नावावर धरायचा ते ठरत नाही.

त्यामुळे हे कुटुंब गाडी बाहेर भरतं. आठवड्यात एकदा मॉलमध्ये, आणि सहलीला गेलं की सहलीच्या जागी. समुद्रावर पाच तास बसायचंच आहे, तेवढ्यात गाडी भरून निघेल, हा हिशेब बिनचूक आहे. अशीच शेकडो कुटुंबं हाच हिशेब करून त्याच दुपारी तिथे पोचतात. रस्त्यावरच्या चार्जरचं खरं गिऱ्हाईक लांबचा प्रवासी आहे असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात तो घरी प्लग नसलेला भाडेकरू निघाला. शहरातल्या इमारतीत जे घडलं नाही, त्याचं ओझं डोंगरापलीकडच्या गावावर येऊन पडलंय.

बोट गेली बेटावर

समुद्राजवळच्या एका पार्किंगमध्ये आम्ही पोचलो. एक जलद यंत्र, त्याला दोन गन. चार्जिंगच्या केबलच्या टोकाशी जो जाडजूड प्लग असतो त्याला सगळेच गन म्हणतात. एका जागेवर पांढरी गाडी जोडलेली, यंत्राच्या पडद्यावर ‘चार्जिंग पूर्ण’. मालक गायब. दुसऱ्या जागेवर पेट्रोलची मोठी गाडी, सावली मिळाली म्हणून लावलेली. पाटीवर अरबी आणि इंग्रजीत लिहिलेलं : जागा फक्त चार्जिंगसाठी. किती वेळासाठी, ते लिहिलेलं नव्हतं.

मी यंत्राजवळ बराच वेळ उभी राहिले. ज्यांना ही वस्तू जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जलद यंत्र गाडीच्या बॅटरीला थेट डीसी वीज देतं. गन लावली की आधी गाडी आणि यंत्र आपसात बोलतात, कुलूप बसल्याचा ‘खट्’ आवाज येतो, मग आतले पंखे घोंघावू लागतात. १५० किलोवॅटच्या यंत्राला दोन गन असल्या आणि दोन्ही लागल्या, तर बहुतेक यंत्रांत ताकद वाटली जाते, म्हणजे प्रत्येकी ७५. वीस टक्क्यांपासून साठ टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर वीज घेते, ऐंशीच्या पुढे वेग एकदम उतरतो, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जोराने वीज कोंबली तर तो खराब होतो. शेवटच्या वीस टक्क्यांना बहुधा आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ जातो. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. बॅटरी तापली की गाडी स्वतःच विजेचा वेग आवरते.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गन गाडीत अडकून राहते. बहुतेक गाड्यांत मालकाने गाडीचं लॉक उघडल्याशिवाय ती निघत नाही. चोरी आणि अपघात टळावा म्हणून ही सोय केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा की पुढचा माणूस कितीही समजूतदार असला, तरी भरलेल्या गाडीची गन काढून आपल्या गाडीला लावू शकत नाही. आमच्याकडे सार्वजनिक नळावर कुणाची घागर भरून वाहू लागली की मागची बाई ती उचलून बाजूला ठेवते आणि आपली लावते. इथे भरलेली घागर हलवता येत नाही.

पांढऱ्या गाडीच्या मालकाचा पत्ता लागला तो शेजारच्या चहावाल्या मल्याळी पोराकडून. “ते सगळे बोटीने शार्क आयलंडला गेलेत.” ते बेट समोरच दिसतं, लोक तिथे पाण्यात डोकं बुडवून मासे बघायला जातात. परतायला दोन तास सहज. तोवर अजून दोन विजेच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. एक चीनहून परस्पर आणलेली. तिचा प्लगच वेगळा, चिनी पद्धतीचा, मालक डिकीतून अॅडॉप्टर शोधत होता. दुसऱ्या गाडीत अबुधाबीहून आलेलं जोडपं, मागच्या सीटवर झोपलेलं तान्हं बाळ. त्यांना खरोखर गरज होती. त्यांचा परतीचा रस्ता लांबचा होता.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “आपण दुपारनंतर बघू. त्यांना आधी लावू दे.” दादांनी मान डोलावली. आधी लावायला जागा मात्र अजून मोकळी व्हायची होती.

युनिटचे पैसे, तासाचे नाहीत

अमिरातींनी २०२४ मध्ये सार्वजनिक चार्जिंगचे दर देशभर एकसारखे बांधून दिले. जलद चार्जिंगला युनिटमागे किमान एक दिरहम वीस फिल्स, मंद चार्जिंगला सत्तर फिल्स, वर व्हॅट. ६० युनिटांची बॅटरी वीस टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायची तर ३६ युनिटं लागतात. जलद यंत्रावर साधारण पंचेचाळीस दिरहम, मंद यंत्रावर साडेसव्वीस. त्याच वर्षी ऊर्जा आणि पायाभूत सुविधा मंत्रालय व इत्तिहाद वॉटर अँड इलेक्ट्रिसिटी यांनी ‘यूएईव्ही’ नावाची कंपनी काढली. २०३० पर्यंत हजार चार्जर हे तिचं लक्ष्य आहे. २०५० पर्यंत रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या विजेच्या व्हाव्यात असं देशाचं धोरण आहे.

दर ठरले हे उत्तम झालं. त्याआधी दुबईत एक, बाहेर दुसरं, काही ठिकाणी फुकट, असा प्रकार होता. दुबईत ‘देवा’ने, म्हणजे तिथल्या वीज आणि पाणी प्राधिकरणाने, खासगी गाड्यांना २०२१ च्या अखेरपर्यंत चार्जिंग मोफत दिलं होतं, आणि जुलै २०२० पासून दोन वर्षं दुबईत नोंदलेल्या विजेच्या गाड्यांना सार्वजनिक पार्किंगही मोफत होतं. नवी वस्तू लोकांनी घ्यावी म्हणून असं करावंच लागतं, त्याला माझा आक्षेप नाही. पण वीज फुकट आणि जागाही फुकट मिळाली की गाडी हलवायचं कारण उरत नाही, आणि लागलेली सवय दर आल्यावरही जात नाही.

पार्किंगचा पैसा तासावर मोजला जातो. शारजा शहरात गाडी लावली की मोबाइलवरून मेसेज करून तासाचे पैसे भरायचे. वेळ उलटली की मुखालफा, म्हणजे दंडाची पावती. निळ्या पाट्यांच्या भागात आठवड्याचे सातही दिवस पैसे लागतात, इतरत्र शुक्रवारी माफी. हे नियम इथे पोरासोरांना पाठ आहेत. चार्जरचा पैसा मात्र युनिटवर मोजला जातो. गाडी भरली की युनिट थांबतं, आणि नेमक्या त्या क्षणापासून ती गाडी कुणालाही काहीही देणं लागत नाही. ज्या वेळेला जागेची सर्वांत जास्त किंमत आहे, त्याच वेळेला ती फुकट होते. माझ्या मते चार्जिंगच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे. यंत्रं वाढवून ते जाणार नाही.

जगात यावर उपाय झालेले आहेत. टेस्लाने डिसेंबर २०१६ पासून आपल्या चार्जरवर भरलेली गाडी न हलवणाऱ्याला मिनिटामागे ४० सेंट लावले, पाच मिनिटांच्या आत हलवली तर माफ. पुढे तो दर वाढवला, आणि निदान निम्म्या जागा भरलेल्या असतील तरच तो लागू केला. हा शेवटचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. रात्री अकरा वाजता रिकाम्या पार्किंगमध्ये भरलेली गाडी उभी असेल तर कुणाचं काय बिघडतं? कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने चार्जिंगसाठी राखलेल्या जागेत जोडणी न करता गाडी उभी करायला मनाई केली. त्याने सावलीसाठी घुसलेली पेट्रोलची गाडी अडते. गन लावून बोटीने गेलेला माणूस अडत नाही.

एक यंत्र की वीस सॉकेटं

दुपारी चटईवर बसून दादांनी कागदाच्या प्लेटच्या पाठीवर आकडेमोड केली. हिशेबनीस माणूस, त्याला चैन पडेना. मला ती आकडेमोड इतकी पटली की इथे तशीच मांडते.

१५० किलोवॅटचं एक जलद यंत्र बसवायला जितकी वीजजोडणी लागते, तितक्याच जोडणीवर ७.४ किलोवॅटची वीस मंद सॉकेटं चालतात. मंद चार्जर म्हणजे खरं तर संरक्षण आणि मीटर असलेलं सॉकेटच असतं. एसीची डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. त्यामुळे ही पेटी स्वस्त, लहान आणि दुरुस्तीला सोपी. समुद्रावरचं कुटुंब पाच तास थांबतं. ७.४ गुणिले पाच म्हणजे ३७ युनिटं, गाडीला हवी तेवढीच. पाच तासांत वीस गाड्या भरतील, आणि कुणालाही ओल्या अंगाने पळत येऊन गाडी हलवावी लागणार नाही. जलद यंत्रावर प्रत्येकाने वेळेवर जागा सोडली तर त्याच पाच तासांत फार तर तेवढ्याच वीस गाड्या. पहिलेच दोघे बेटावर निघून गेले तर दोन.

मग जलद यंत्र नकोच का? हवं, पण रस्त्यावर हवं. अल रफिसा धरणाचा थांबा, शीसचं उद्यान, जिथे माणूस चहा घेतो, प्रार्थना करतो, पोरांना मोकळं करतो आणि अर्ध्या तासात निघतो, ती जागा जलद यंत्राची. किनारा, हॉटेल, घर इथे मंद. थांबायचं किती आहे ते आधी बघावं आणि मग यंत्राची ताकद ठरवावी. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, कारण उद्घाटनाला मोठं यंत्र शोभतं.

संध्याकाळी ऊन उतरलं. समोर समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी होती. खोर फक्कानचं कंटेनर बंदर १९७९ पासूनचं, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेरचं, खोल पाण्याचं. दक्षिणेला फुजैरा, जिथे जगभरची जहाजं इंधन भरायला थांबतात. अबुधाबीचं कच्चं तेल होर्मुझला वळसा घालून २०१२ पासून पाइपलाइनने तिथेच येतं, दिवसाला पंधरा लाख बॅरलच्या क्षमतेने. तेलावर उभा राहिलेला हा किनारा विजेच्या गाड्यांची तयारी मनापासून करतो आहे, त्याबद्दल मला आदर वाटतो.

सहाच्या सुमाराला बेटावरची मंडळी परतली. कोल्ड्रिंकचे डबे हातात, चेहरे उन्हाने लाल. वाट बघणारे लोक पाहून ते खरंच ओशाळले. “वाटलं, इथे कोण येणार,” त्यातला एकजण म्हणाला. अबुधाबीच्या जोडप्याला जागा मिळाली. आम्ही न भरताच निघालो. गाडीत पुरेसं होतं.

आपल्याकडचा डोंगर आणि समुद्र

परतताना चढावर दादांनी पडद्याकडे बोट दाखवलं. दोन टनांची गाडी शंभर मीटर वर चढवायला जेमतेम अर्धं युनिट जास्त लागतं, आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. मला ताम्हिणी आठवला. पुण्याहून दापोली, हर्णै, दिवेआगरकडे उतरणारा माणूस घाटाला घाबरतो, पण परतीच्या चढाचा जादा खर्च तीन-साडेतीन युनिटांचा, म्हणजे वीसेक किलोमीटरचा. चढाला भ्यायचं कारण नाही, पोचल्यावर गाडी कुठे लावायची ही खरी अडचण.

कागदावर महाराष्ट्र मागे नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्येच शहरात तीन किलोमीटरच्या चौकटीत एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावं असं सांगितलं होतं. चार्जिंग केंद्राला वीज विकण्याचा परवाना लागत नाही. राज्य वीज नियामक आयोगाने त्यासाठी वेगळी दरश्रेणी केली. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलं, आणि २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, समृद्धी आणि पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. आपल्याकडे २०१८ पासून विजेच्या गाडीला हिरवी पाटी आहे, म्हणजे चार्जिंगच्या जागेत घुसलेली पेट्रोलची गाडी लांबूनही ओळखू येते.

पण नव्या इमारतींसाठी केलेला नियम जुन्या सोसायटीच्या कामाचा नाही. ठाणे, डोंबिवली, कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांत तोच शारजाचा प्रश्न, फक्त नातूराच्या जागी सेक्रेटरी. वायर कुणाच्या मीटरवरून, आगीची जबाबदारी कुणाची, स्टिल्टमधून पाइप नेला तर शेजाऱ्याची स्कूटर कुठे जाणार. आणि हे सुटलं नाही म्हणून तो पुणेकर शनिवारी आपली अर्धी भरलेली गाडी घेऊन कोकणात उतरतो.

पावसाळा सरल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरगुती निवासात राहिले, तिथे या प्रश्नाचं एक साधं उत्तर पाहायला मिळालं. काका-काकूंचं घर, नारळी-पोफळीत चार खोल्या. गेल्या मोसमात पाहुण्यांनी खिडकीतून वायर काढून गाड्या लावल्या आणि घरातले फ्यूज उडाले. एका गाडीने तर वीज घ्यायलाच नकार दिला, कारण अर्थिंग धड नव्हतं, आणि गाडीबरोबर येणारी चार्जरची पेटी ते तपासल्याशिवाय पुढे जात नाही. काकांनी इलेक्ट्रिशियन बोलावला, अंगणात नवं अर्थिंग पुरून घेतलं, मांडवाखाली १५ अँपियरचं एक सॉकेट लावलं आणि त्याला वेगळा सबमीटर. रात्री दहा तास गाडी लावली की तीस युनिटं जातात. पाहुणा मुक्कामालाच आलेला असतो, त्याला घाई नसते. सकाळी काका आकडा वहीत लिहितात आणि तेवढे पैसे बिलात वेगळे दाखवतात.

“दोन गाड्या आल्या तर?” मी विचारलं.

“आधी बुकिंग केलेल्याची आधी. बारा वाजेपर्यंत एक, मग उठून दुसरी लावायची. मी स्वतः उठतो. चाव्या माझ्याकडे ठेवून घेतो ना रात्री,” काका म्हणाले. काकू आतून ओरडल्या, की पहाटे गिझर चालू करायच्या आधी गाडी काढायला सांगा त्यांना, परवाचं विसरलात काय. थ्री फेजसाठी अर्ज केलेला आहे. तो झाला की मांडवाचा दुसरा खांबही सॉकेटसाठी ठरवून ठेवलाय.